अपोलिनारिसच्या पायथ्याशी पाण्याचा शोध

मंगळाच्या विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला असलेला अपोलिनारिस मॉन्स हा ज्वालामुखी अब्जावधी वर्षांपूर्वी विझला. उंची सुमारे 5 किलोमीटर. ऑलिंपस मॉन्सच्या 22 किलोमीटरपुढे त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. व्हायकिंग यानांनी 1976 पासून पाठवलेल्या छायाचित्रांत मात्र त्याचा स्वभाव उमटला होता. माथ्यावर प्रचंड मुख, दक्षिणेकडे पंख्याच्या आकारात पसरलेले थर आणि राखेचे वाटावेत असे सहज झिजणारे उतार. तप्त शिलारसाची जमिनीखालच्या पाण्याशी किंवा बर्फाशी गाठ पडून इथे स्फोट झाले असावेत, असा तर्क अभ्यासकांनी त्यावरून बांधला.

त्याच्या दक्षिणेला गुसेव्ह हे सुमारे 160 किलोमीटर व्यासाचे विवर आहे. मादिम व्हॅलिस हे 700 किलोमीटरहून लांब कोरडे खोरे त्यात उतरते. म्हणजे इथे कधीकाळी सरोवर असणार! याच आशेने नासाने 4 जानेवारी 2004 रोजी स्पिरिट ही सहाचाकी बग्गी गुसेव्हमध्ये उतरवली.

समोर आला तो बेसॉल्ट.

आपला सह्याद्री ज्या कुळातल्या खडकाचा, त्याच कुळातले काळे दगड मैदानभर विखुरलेले होते. सरोवराचा गाळ असलाच, तर तो लाव्ह्याखाली गाडला गेला होता. निराशा मोठी होती, पण बग्गी थांबली नाही. 90 दिवसांसाठी बनवलेली ती गाडी कोलंबिया टेकड्यांपर्यंत पोहोचली. कोलंबिया यानाच्या अपघातात गेलेल्या सात अंतराळवीरांची नावे या टेकड्यांना दिली आहेत. त्यांतली एक कल्पना चावला यांच्या नावाची.

खरे घबाड तिथे होते. मार्च 2006 मध्ये पुढचे उजवे चाक बंद पडले आणि ते फरफटत नेताना माती नांगरल्यासारखी उकरली जाऊ लागली. 2007 मध्ये त्या चरात पांढरी माती दिसली. तिच्यात सुमारे 90 टक्के सिलिका होती. इतकी शुद्ध सिलिका साचायला गरम पाणी किंवा वाफ लागते. शेजारचा ‘होम प्लेट’ हा सपाट उंचवटाही स्फोटक उद्रेकाच्या राखेचाच निघाला. सरोवर हुकले, पण आग आणि पाणी एकत्र नांदल्याची खूण हाती लागली. सरोवराच्या गाळापेक्षा ती तसूभरही कमी मोलाची नाही.

2009 मध्ये बग्गी वाळूत रुतली. 22 मार्च 2010 रोजी तिचा शेवटचा संदेश आला. 2016 मध्ये स्टीव्हन रफ आणि जॅक फार्मर यांनी दाखवले, की तिथल्या सिलिकेचे बोटांसारखे फुटवे चिलीतल्या एल टाटिओच्या उष्ण झऱ्यांशी मिळतेजुळते आहेत, आणि तिथे असे आकार घडण्यात सूक्ष्मजीवांचा हात असतो. त्यामुळे, पृथ्वीवर आणण्यासाठी नमुने गोळा करणाऱ्या पुढच्या बग्गीसाठी कोलंबिया टेकड्या अखेरच्या तीन जागांत आल्या. नोव्हेंबर 2018 मध्ये निवड मात्र जेझेरो विवराची झाली. अपोलिनारिसच्या परिसरातले ते सिलिकेचे फुटवे पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तपासायची संधी त्या वेळी हुकली, याची हळहळ वाटते.