मुलाचा शब्द आणि मोठ्यांचे प्रश्न

‘लहान मूल खोटे बोलत नाही’ हे वाक्य आपण जितक्या सहजपणे उच्चारतो, तितक्याच सहजपणे ‘पोरांच्या बोलण्याचा काय भरवसा?’ असेही म्हणतो. घरात ही दोन्ही विधाने सुखाने एकत्र नांदतात. न्यायालयात मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते, आणि त्या निवडीवर कधी एखाद्या बालकाची सुरक्षितता, तर कधी एखाद्या निरपराध माणसाचे आयुष्य अवलंबून असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॉ. स्टीफन सेसी यांनी डॉ. मॅगी ब्रुक यांच्या सहकार्याने या प्रश्नाचा अनेक वर्षे शास्त्रशुद्ध पाठपुरावा केला. त्या कार्याची ओळख आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना असणे अगत्याचे आहे, कारण मुलाचे म्हणणे ऐकणारी पहिली तिऱ्हाईत व्यक्ती पुष्कळदा डॉक्टरच असते.

या संशोधनाची पार्श्वभूमी विलक्षण आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत पाळणाघरांतील शिक्षकांवर बालकांच्या लैंगिक छळाचे अनेक खटले भरले गेले. न्यू जर्सीतील ‘वी केअर’ पाळणाघराचे प्रकरण तर बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातच सुरू झाले. १९८५ मध्ये गुदद्वारातून तापमान मोजले जात असताना चार वर्षांचा एक मुलगा, ‘आमच्या बाई झोपेच्या वेळी असेच करतात’ अशा आशयाचे काही बोलला. पुढे त्या पाळणाघरातील मुलांच्या वारंवार मुलाखती घेण्यात आल्या. नकार देणाऱ्या मुलाला पुनःपुन्हा विचारणे, ‘तुझ्या मित्रांनी तर सांगितले’ असे सुचवणे, हवे ते उत्तर मिळाल्यावर शाबासकी देणे, असे सारे त्यांत घडले. १९८८ मध्ये एका तरुण शिक्षिकेला ११५ आरोपांवर दोषी ठरवून ४७ वर्षांची शिक्षा झाली. १९९३ मध्ये ती रद्द झाली. १९९४ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि मुलांच्या मुलाखती दूषित झाल्या आहेत काय, याची खटल्यापूर्वी स्वतंत्र तपासणी व्हावी, असे सांगितले. या न्यायालयापुढे सेसी आणि ब्रुक यांनी तयार केलेले, अनेक शास्त्रज्ञांच्या स्वाक्षऱ्यांचे निवेदन होते.

सेसी यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग ‘सॅम स्टोन’ या नावाने ओळखला जातो. मिशेल लीक्टमन यांच्यासह केलेला हा प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. सॅम स्टोन नावाचा एक गृहस्थ तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात येतो, दोन मिनिटे थांबतो आणि निघून जातो. तो कशालाही हात लावीत नाही. काही मुलांना आधीच त्याच्या वेंधळेपणाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. भेटीनंतर फाटलेले पुस्तक आणि मळलेले खेळण्यातले अस्वल दाखवून, पुढील आठवड्यांत त्यांना सूचक प्रश्न विचारण्यात आले. दहा आठवड्यांनी एका नव्या व्यक्तीने विचारणा केली, तेव्हा या गटातील तीन-चार वर्षांच्या ७२ टक्के मुलांनी सॅमने पुस्तक वा अस्वल खराब केल्याचे सांगितले. ‘खरेच तू पाहिलेस का?’ असे हळुवारपणे विचारल्यावरही २१ टक्के मुले आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. मात्र ज्या मुलांना ना पूर्वग्रह दिला होता, ना सूचक प्रश्न विचारले होते, त्यांची कथने जवळजवळ अचूक होती. या मुलाखतींच्या चित्रफिती मुलांबरोबर काम करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवल्या असता खरे कोणते आणि रुजवलेले कोणते, हे त्यांनाही नीट ओळखता आले नाही.

या मुलांनी खोटे बोलण्याचे ठरवले नव्हते, हे लक्षात घ्यावे. एखादी गोष्ट आपण स्वतः पाहिली, कोणाकडून ऐकली की मनात कल्पिली, याचा माग ठेवण्याची क्षमता या वयात पक्व झालेली नसते. त्यामुळे वारंवार ऐकलेली सूचना आठवणीच्या कप्प्यात जाऊन बसते.

याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग आपल्या रोजच्या व्यवसायाशी निगडित आहे. पाच वर्षांच्या मुलांना बालरोगतज्ज्ञाने लस टोचली. सुमारे अकरा महिन्यांनी काही मुलांना, ‘तू किती शूर होतास, रडलासही नाहीस’ असे वेगवेगळ्या भेटींत सांगण्यात आले. त्या मुलांनी इतरांच्या तुलनेत आपले रडणे आणि दुखणे कमी असल्याचे सांगितले. सुई डॉक्टरांनी नव्हे, तर तेथील मदतनीस स्त्रीने टोचली, अशी चुकीची माहिती काहींना दिली होती. त्यांच्यापैकी पुष्कळांनी ती खरी मानलीच. शिवाय कोणी न सुचवता तिने तपासणीही केल्याचे काहींनी सांगितले. ‘उगी उगी, काही दुखले नाही’ हे शब्द आपल्या दवाखान्यात दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, याचा विचार करावा.

यावरून मुलांवर विश्वास ठेवू नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घातक ठरेल. डॉ. कॅरन सेविट्झ, डॉ. गेल गुडमन आणि सहकाऱ्यांच्या १९९१ मधील अभ्यासात पाच आणि सात वर्षांच्या ७२ मुलींची वैद्यकीय तपासणी झाली. त्यांतील निम्म्या मुलींच्या जननेंद्रियांचीही तपासणी झाली. पुढे ‘काय काय झाले ते सांग’ एवढेच विचारल्यावर त्या निम्म्या मुलींपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक मुलींनी त्या स्पर्शाचा उल्लेखच केला नाही. थेट प्रश्न विचारल्यावर मात्र बहुतेकींनी सांगितले. ज्यांना तसा स्पर्श झाला नव्हता, त्यांच्यात चुकीचा होकार अगदी विरळा होता. म्हणजे प्रश्न लादला तर नसलेले रुजते, आणि प्रश्न विचारलाच नाही तर असलेले लपून राहते. बालसाक्षीचा सारा पेच या दोन टोकांमध्ये आहे.

आपल्याकडे ‘पढवलेला साक्षीदार’ हा शब्द न्यायालयात फार जुना आहे. तरीही बालकाची साक्ष केवळ वयामुळे बाद ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात आठ वर्षांच्या मुलीची साक्ष ग्राह्य मानली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही प्रश्न समजून सुसंगत उत्तर देण्याची क्षमता हीच कसोटी कायम आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने बालकाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये, वकिलांनी आपले प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारावेत आणि जबाब मुलाच्याच शब्दांत लिहावा, अशा तरतुदी केल्या. सेसी यांच्या निष्कर्षांशी त्या सुसंगतच आहेत.

याच कायद्याने डॉक्टरांवरही कर्तव्य टाकले आहे. गुन्हा घडण्याची आशंका असली किंवा तो घडल्याचे माहीत झाले, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कारवाई होत नाही. कळवण्यासाठी आशंका पुरेशी असल्यामुळे पुरावा गोळा करण्याचे काम आपले नव्हे. म्हणूनच दवाखान्यात उलटतपासणी मांडण्याचे कारण नाही. उपचारासाठी आवश्यक तेवढेच विचारावे. ‘काय झाले ते मला सांग’, ‘मग पुढे?’ असे मोकळे प्रश्न आधी असावेत. थेट प्रश्न करणे भागच पडले तर त्यात नाव वा उत्तर दडलेले नसावे. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, आणि त्यासोबत आपला प्रश्नही लिहावा. प्रश्नावाचून उत्तराची किंमत न्यायालयाला ठरवता येत नाही. ‘सांगितलेस तर चॉकलेट देईन’ असे कदापि म्हणू नये. पालकांनाही घरी पुनःपुन्हा न विचारण्याची विनंती करावी.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या समाजाला आणखी एक दक्षता घ्यावी लागते. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण जबाब पुष्कळदा हिंदीत लिहिला जातो. मराठी मुलाला रिक्षावाला, दुकानदार, डॉक्टर, शेजारी हे सारेच ‘काका’ असतात. त्या ‘काका’चा कोणी ‘चाचा’ केला, तर संशयाचे बोट थेट वडिलांच्या भावाकडे वळेल. दुभाष्याची मदत मिळण्याची तरतूद पोक्सो कायद्यात आहे. आपल्या मंडळातील डॉक्टरांनी अशा कामासाठी आपली नावे आपण होऊन नोंदवली, तर अडचणीतल्या एखाद्या मुलाचा शब्द त्याच्याच अर्थाने न्यायाधीशांपर्यंत पोहोचेल.