स्नायूंची झीज : चेतासंस्थेशी निगडित कारणमीमांसा

प्रस्तावना :
हातापायांचे स्नायू बारीक होऊ लागले की सर्वसाधारणपणे वय, अशक्तपणा किंवा अपुरा आहार यांकडे बोट दाखविले जाते. तथापि अनेकदा मूळ दोष स्नायूत नसून त्याला चालना देणाऱ्या चेतेत असतो. हा भेद वेळीच ओळखला न गेल्यास टाळता येण्याजोगे अपंगत्व कायमचे होते. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन केले आहे.

चेता व स्नायू यांचा संबंध :
मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशीचा तंतू स्नायूपर्यंत पोहोचतो. त्यामार्फत येणाऱ्या संदेशांमुळे स्नायू आकुंचन पावतो आणि त्याचा आकारही टिकून राहतो. वापराअभावी कृश झालेला स्नायू व्यायामाने बहुधा पूर्ववत होतो. चेतेशी संबंध तुटलेला स्नायू मात्र तो संबंध पुन्हा जुळल्याखेरीज भरून येत नाही.

दोषाचे स्थान :
पोलिओमध्ये विषाणूमुळे प्रेरक चेतापेशीच नष्ट होतात. शार्को यांनी १८६९ मध्ये वर्णिलेल्या प्रेरक चेतापेशींच्या विकारातही त्या क्रमाक्रमाने नाश पावतात. या दोन्हींत स्पर्शसंवेदना सहसा शाबूत राहते. मणक्यांमधील चकती सरकल्यास चेतेच्या मुळावर दाब येतो, तर दीर्घकालीन मधुमेहात पावलांकडील चेता प्रथम बाधित होतात. अशा वेळी दुर्बलतेच्या जोडीला बधिरता किंवा मुंग्या आढळतात.

कुष्ठरोगाचे उदाहरण :
हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागांतील, त्वचेलगतच्या चेतांमध्ये वाढतो. कोपराच्या आतील बाजूची अल्नर चेता जाड होते, करंगळी बधिर होते, अंगठा व तर्जनी यांमधील मांसल भाग खोल जातो आणि पुढे करंगळी व अनामिका आत वळतात. १९८० च्या दशकात रूढ झालेला बहुविध औषधोपचार जंतूंचा नाश करतो. परंतु नष्ट झालेली चेता त्यामुळे परत मिळत नाही. चेतेची हानी सहा महिन्यांच्या आतील असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली दिलेल्या प्रेडनिसोलोनने कार्य सुधारण्याची शक्यता असते. भारताने राष्ट्रीय पातळीवर दहा हजारी एकाहून कमी रुग्णप्रमाणाचे उद्दिष्ट २००५ अखेर गाठले. तरीही नवे रुग्ण आजही आढळतात.

निष्कर्ष :
तुटलेला चेतातंतू अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून तळहातापर्यंत पोहोचण्यास त्याला अनेक महिने लागतात. दरम्यान स्नायूची जागा चरबी व तंतुमय ऊती घेऊ लागतात. म्हणूनच एकाच हाताची वा पायाची झीज, विशेषतः बधिरतेसह आढळल्यास, अशक्तपणा समजून दुर्लक्षित न करता तिची चेतातपासणी तातडीने होणे आवश्यक ठरते.