तोच दगड, पण लहर मंद का?

वसई-विरारजवळच्या राजोडीच्या किनाऱ्यावरची वाळू म्हणजे मुख्यतः झिजलेला दगड आणि शंख-शिंपल्यांचा चुरा. सलग बेसॉल्टमधून कंपनाची लहर सेकंदाला 5 ते 6 किलोमीटर धावते. दगडाची वाळू झाली, की कोरड्या, सैल थरात हा वेग शंभर-दीडशे मीटरवर घसरतो. हवेतला आवाजसुद्धा त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने जातो. कण अजूनही दगडाइतकेच कठीण असतात. मंदावते ती लहर कणाकणांमधल्या जोडांत, आणि वाळूचे वागणे समजून घ्यायचे तर या जोडांकडेच पाहावे लागते.

हाइनरिश हर्ट्झ यांनी 1882 मध्ये दोन गोल एकमेकांवर दाबल्यास काय होते, याचे गणित मांडले. दाब वाढतो तसा स्पर्शाचा ठिपका पसरतो आणि जोड अधिकाधिक ताठ होतो. दाबच नसेल तर ताठपणा शून्य. व्हिताली नेस्तेरेन्को यांनी हे गणित एका रांगेतल्या गोळ्यांना लावून 1983 मध्ये दाखवले, की नुसत्या टेकलेल्या गोळ्यांतून नेहमीचा ध्वनी जातच नाही. ठोका दिला, तर मात्र सुमारे पाच गोळ्यांच्या रुंदीचा एकच आटोपशीर स्पंद न पसरता पुढे सरकतो. त्याचा वेगही ठोक्यावर ठरतो: बल 64 पट केले, की वेग दुप्पट.

यावर आक्षेप येईल, की किनाऱ्यावरची वाळू प्रयोगशाळेतल्या गोळ्यांसारखी एकसारखी नसते. हे खरेच आहे. वाळूत भार काही मोजक्या साखळ्या वाहतात, बाकीचे कण जवळजवळ मोकळे असतात. पण भौतिकशास्त्रज्ञ लिऊ आणि नेगल यांनी 1992 च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत, काचेच्या मण्यांच्या ढिगात एका मण्याएवढी जागा किंचित तापवली, तरी पलीकडे पोहोचणारा आवाज लक्षणीय बदलला. म्हणजे अव्यवस्थेने जोडांचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते.

दुसरा आक्षेप पाण्याचा. पाण्याने पूर्ण भरलेल्या वाळूत दाबाची लहर सेकंदाला दीड हजार मीटरच्याही पुढे जाते, मग ती जमीन भक्कम मानायला काय हरकत? हरकत अशी, की पाणी दाब पेलते, पण आडवा हिसका पेलू शकत नाही. तो पेलतात कणांचे जोडच. जोरदार भूकंपात सैल वाळू दबू लागते, अडकलेल्या पाण्याचा दाब चढतो, जोड सुटतात आणि जमीन द्रवासारखी वागते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छच्या रणात हेच घडले. नोव्हेंबर 2018 पासून वसई-विरारच्या उत्तरेला डहाणू-तलासरी भागात जाणवलेले धक्के त्या मानाने फारच लहान. त्यांवरून घबराट पसरवणे चुकीचे ठरेल. पण वसई-विरारच्या किनारपट्टीत वाळूच्या थरावर इमारत उभी करायची असेल, तर त्या थरातल्या आडव्या लहरीचा वेग आणि भूजलाची पातळी पाया घालण्याआधी मोजलीच पाहिजे. कण किती कठीण आहेत, यावरून ते जोड किती टिकतील हे कळत नाही.