पाटीपासून पाळीपर्यंत

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात मॉईल या कंपनीच्या मँगनीजच्या दोन खाणी आहेत: चिखला भूमिगत, तर डोंगरी बुजुर्ग उघडी. डोंगरीचे मँगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीच्या उद्योगाला जाते. या कंपनीचे मूळ 1896 सालच्या एका सिंडिकेटमध्ये आहे. त्या काळी मध्य प्रांतातल्या खाणींवर धातुक वेचण्याचे, फोडण्याचे आणि पाटीने वाहण्याचे काम बायाही करत. साध्या दगडापेक्षा धातुक कितीतरी जड. भरलेली पाटी डोक्यावर घेणे म्हणजे काय, हे मानेलाच ठाऊक.

पुढे यंत्रे आली, आणि अधिकाराच्या जागा पुरुषांकडे राहिल्या. त्याला कायद्याचाही हातभार होता: 1952 च्या खाण अधिनियमाने स्त्रियांना जमिनीखाली कामाची आणि रात्रपाळीची मनाई केली होती.

जानेवारी 2019 मध्ये केंद्र सरकारने ती मनाई शिथिल केली. उघड्या खाणीत रात्रपाळी खुली झाली. भूमिगत खाणीत दिवसा तांत्रिक, देखरेखीची व व्यवस्थापकीय कामे करता येऊ लागली. त्यासाठी लेखी संमतीची आणि गटात किमान तिघींची अट घातली.

तिघींची ही अट सुरक्षेसाठी होती, पण तिचा दुसरा उपयोग मोठा वाटतो. पाळीवर सोबतीण असली की परीक्षेची पुस्तके हातोहात फिरतात, अडचण बोलता येते. खाणीतल्या फोरमनच्या किंवा माणसांचा व मालाचा पाळणा वरखाली करणाऱ्या वाइंडिंग इंजिनच्या चालकाच्या कामासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे प्रमाणपत्र लागते. ती परीक्षा देणाऱ्या भंडाऱ्याच्या मुलीला आधी दिलेली एखादी ताई गाठता आली पाहिजे.