ओसाकाचे दुपारचे जेवण आणि दारावरचा पडदा

जपानात एक जुनी म्हण आहे. क्योतोचा माणूस कपड्यापायी बुडतो आणि ओसाकाचा खाण्यापायी. ओसाकाचा सेम्बा भाग म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कापडाची घाऊक पेठ. आम्ही कामानिमित्त तिथे होतो. परमुलखात आपली व्यापारी मंडळी हलाल-हरामच्या काळजीने बिस्किटे आणि केळी खाऊन दिवस काढतात. काळजी रास्तच आहे, पण चौकशी केली तर तिथे उत्तम जेवता येते.

प्रथम हिशेबाची गोष्ट. ज्या नामांकित हॉटेलात रात्रीचे जेवण खिशाला परवडत नाही, तिथेच दुपारी पुष्कळदा निम्म्या दरात किंवा त्याहून स्वस्तात जेवण मिळते. मालक खुळा नाही. दुपारचे जिन्नस ठरलेले, त्यामुळे नासाडी कमी. गिऱ्हाईक लवकर उठते, जागा पुन्हा भरते. जागेचे भाडे तर रिकाम्या खुर्च्यांनाही द्यावेच लागते. शिवाय दुपारी चव आवडली की तोच माणूस रात्री पाहुणे घेऊन येतो. टीप देण्याची पद्धत नाही.

बसताच हात पुसायला ओला गरम रुमाल आणि हिरवा चहा आला. मग एकाच तबकात भात, मिसोचे सूप, मीठ लावून भाजलेला बांगड्याच्या जातीचा साबा मासा, ताज्या कच्च्या माशाच्या चार फोडी, तीळ लावलेला पालक आणि थोडे लोणचे. एक सूप आणि तीन पदार्थ ही त्यांची जुनी मांडणी. या जपानी आहारपद्धतीला २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. माशाची कातडी कुरकुरीत, आत रस तसाच. मसाला जवळजवळ नाहीच, त्यामुळे शिळा माल खपवायला जागा नाही.

आता महत्त्वाचे. नुसते ‘डुकराचे मांस नको’ म्हणून भागत नाही. मिरिन ही तांदळाची गोड दारू स्वयंपाकात सर्रास वापरतात. तेम्पुराची चटणी, सोबाचा रस्सा, वाम माशावरचा लेप, सगळ्यात ती असते. मासा भाजण्यापूर्वी त्यावर साके शिंपडण्याचीही रीत आहे. कित्येक सोया सॉसमध्ये व मिसोमध्ये वरून अल्कोहोल घालतात. म्हणून आम्ही हे सारे जपानीत लिहून घेतलेली चिठ्ठी आधीच दिली होती. तबक समोर ठेवल्यावर आचाऱ्याला काही आठवले. त्याने पालकाची वाटी स्वतःच उचलून घेतली. तिच्यात मिरिन होते. तिच्या जागी त्याने थंड तोफू व मीठ दिले आणि सॉसच्या बाटलीवरची यादी वाचून दाखवली. तो गप्प राहिला असता तर आम्हांला कळलेही नसते.

या हॉटेलांच्या दारावर मधोमध चिरलेला, बहुधा निळीत रंगवलेला सुती पडदा असतो. त्याला नोरेन म्हणतात. पडदा टांगला की दुकान उघडे, आत घेतला की बंद. जपानी हिशेबनिसांच्या भाषेत पेढीच्या नावाची जी किंमत धरतात, तिलाही नोरेनच म्हणतात. वर्षानुवर्षे इमानाने राबलेल्या कारागिराला मालक त्याच नावाने वेगळे दुकान काढू देतो. त्याला ‘पडद्याची वाटणी’ म्हणतात.

बांधवहो, कापड म्हणून पाहिले तर तो पडदा दोन-तीन वारांचा. त्याची किंमत वाढते ती आतला माणूस वाटी परत उचलतो तेव्हा. पॉलिस्टरमिश्रित कापड शुद्ध सुती म्हणून विकणाऱ्याने आणि कच्चा रंग पक्का म्हणून देणाऱ्याने याचा विचार करावा. आपल्या शागिर्दाला उद्या वाटून देण्याजोगे नाव आपल्या पेढीला आहे काय?

जाता जाता : ओसाकाहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर कोबे आहे. तिथली मशीद १९३५ साली उभी राहिली, आणि तिच्या वर्गणीत हिंदी व्यापाऱ्यांचाही हात होता. हलाल जेवणाची चौकशी तिथे करावी.