पापणीची शस्त्रक्रिया आणि असमाधान

पापणीची त्वचा अतिशय पातळ असते. वय वाढूं लागलें कीं ती सैल पडून डोळ्यावर ओघळते आणि माणूस सदा थकलेला दिसूं लागतो. ही जादा त्वचा कापून काढण्याची कल्पना नवी नाहीं. रोमन ग्रंथकार सेल्सस यानें पहिल्या शतकांतच अशा शस्त्रक्रियेचें वर्णन करून ठेविलें आहे. जपानमध्यें मिकामो यानें १८९६ सालीं पापणीस घडी पाडण्याची रीत प्रसिद्ध केली. आज ही शस्त्रक्रिया जगभर होते व बहुतेकांस ती मानवते. तथापि कांहीं रुग्ण आरशासमोर खट्टू होतात. असें कां व्हावें?

पहिलें कारण उतावीळपणा. सूज व काळेनिळेपणा ओसरण्यास सुमारें दोन आठवडे आणि पापणीस अखेरचा आकार येण्यास कित्येक महिने लागतात. दोन्ही बाजूंची सूज एकाच वेगानें उतरत नाहीं. त्यामुळें आरंभीं डोळे लहानमोठे भासतात.

दुसरें कारण निदानाचें. पुष्कळदां दोष त्वचेचा नसून खालीं उतरलेल्या भुंवईचा, किंवा पापणी उचलणाऱ्या दुर्बळ स्नायूचा असतो. तेथें नुसती त्वचा कापल्यानें तक्रार तशीच राहते.

तिसरें कारण अतिरेक. वरच्या पापणीची त्वचा फार कापली गेल्यास डोळा पुरता मिटत नाहीं व कोरडा पडून चुरचुरतो. खालच्या पापणीची कापली गेल्यास ती खालीं ओढली जाते. राहिलेली त्वचा मागाहून काढतां येते. गेलेली भरून काढणें मात्र कठीण.

चौथें कारण मनाचें. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंस तंतोतंत सारखा नसतो. शस्त्रक्रियेनंतर मनुष्य तो प्रथमच बारकाईनें निरखतो, आणि जन्मजात भेदाचा दोष शस्त्रवैद्याच्या माथीं येतो. म्हणूनच आधींचीं छायाचित्रें जपून ठेवावींत. कांहींच्या मनांत तर नसलेलें व्यंगच घर करून बसलेलें असतें. त्यांस कोणतेंही शस्त्र समाधान देऊं शकत नाहीं, मानसोपचारच हवा.

दुरुस्तीची शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास साधारणतः सहा महिने थांबणें इष्ट. परंतु शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत तीव्र वेदना उठल्या, डोळा एकाएकीं फुगला अथवा दृष्टि मंदावली, तर एक घटकाही न दवडतां रुग्णालय गांठावें. आंत रक्त सांचून दृष्टि कायमची जाण्याचा धोका असतो. रूपाविषयींची तक्रार थांबूं शकते, दृष्टीविषयींची नाहीं.