स्टड, सुखतळा आणि पाचवं हाड

फेब्रुवारी २०१८ मध्ये मार्सेविरुद्ध खेळताना पॅरिसच्या संघातला फुटबॉलपटू नेमार याचा उजवा पाय मुरगळला आणि करंगळीमागचं लांब हाड मोडलं. वैद्यकात याला पाचवं मेटाटार्सल म्हणतात. शस्त्रक्रिया झाली, जूनमध्ये तो विश्वचषकात उतरला. पण जानेवारी २०१९ मध्ये तेच हाड पुन्हा दुखावलं. ज्याने बूट घालावेत म्हणून कंपन्या कोट्यवधी मोजतात, त्याची ही गत!

या हाडाच्या बुडाजवळ एक भाग असा आहे, जिथे रक्तपुरवठा तोकडा. मोडलं की लवकर सांधत नाही. धावता धावता खेळाडू झटकन वळतो तेव्हा अंगाचा सगळा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो. बूट अरुंद असेल तर ती कड सोलबाहेर जाते. सोलखालचा स्टड, म्हणजे बुटाचा खुंट, नेमका हाडाखाली आला तर दर पावलाला तिथेच टोचणी. एखाद्या दिवशी पाय मुरगळणं हे निमित्त. हाड बऱ्याचदा आधीपासूनच थकलेलं असतं.

स्टडचं काम जमीन धरण्याचं. १९५४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात बर्नच्या पावसात पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंना बूटनिर्माते आडी डासलर यांच्या बुटांचे स्टड स्क्रूने बदलता येत होते. चिखलासाठी लांब स्टड लावले. हंगेरीविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून जर्मनी ३-२ जिंकला. विजयाचं सगळं श्रेय बुटांना देण्यात जाहिरातीचा वाटा बराच, पण मूळ मुद्दा खरा: आधी मैदान बघायचं, मग बूट.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर भिडतात, पण पोरांचा सराव टणक मातीवरही होतो. पुण्या-मुंबईत तासावर भाड्याने मिळणारं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान. पायात मात्र सगळीकडे एकच जोड. लांब पात्यासारखे स्टड कृत्रिम गवतात रुतले की पाऊल जागेवर अडकतं, अंग वळतं, आणि हिसका घोट्याला, गुडघ्याला बसतो. टणक माती आणि टर्फ, दोन्हींवर बुटक्या, पुष्कळ स्टडचा बूट बरा. भार वाटला जातो.

खरेदीची खरी परीक्षा दुकानात दोन मिनिटांत होते. बुटातला सुखतळा, म्हणजे इनसोल, काढून जमिनीवर ठेवायचा आणि वर उभं राहायचं. पाऊल कडेबाहेर आलं तर जोड परत. मग बूट वाकवायचा: तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मध्यावर नाही. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, खेळाचे मोजे घालून मापं घ्यावीत. ‘वाढतं अंग आहे’ म्हणून मुलाला दोन नंबर मोठा बूट घेणं ही काटकसर महागात पडते. पाऊल आत घसरत राहतं.

इनसोलबद्दल बाजारात फार बोललं जातं. २०१७ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा आला. पायाला आधार देणाऱ्या घडीव इनसोलमुळे दुखापती, विशेषतः ताणाने हाड तडकणं, कमी झाल्याचं त्यात दिसलं. नुसत्या मऊ, धक्का शोषणाऱ्या गाद्यांचा असा फायदा दिसला नाही. मात्र त्यातले बहुतेक लोक लष्करात प्रशिक्षण घेणारे होते, फुटबॉलपटू नव्हेत. शिवाय जाड इनसोल घट्ट बुटात कोंबला की टाच वर उचलली जाते आणि चवड्याला जागा उरत नाही.

पावलाची बाहेरची कड एका ठिकाणी दाबल्यावर दुखत असेल तर कुठलाच इनसोल घेऊ नये. खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बारीक तडा अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर रविवारच्या सामन्याला उतरू नये.